रांगेत उभा राहिलेला इतिहास

१९२९ सालची अमेरिकेतली महामंदी मुलांना शिकवायची म्हटली की शिक्षकाला सर्वांत आधी आडवे येतात ते आकडे. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१ वर होता, तो ८ जुलै १९३२ रोजी ४१ वर येऊन ठेपला. १९३३ मध्ये काम करू शकणाऱ्या दर चार माणसांपैकी एक बेकार होता. १९३० ते १९३३ या काळात नऊ हजारांच्या आसपास बँका बंद पडल्या. आकडे भयंकर आहेत, पण चौदा वर्षांच्या मुलाला त्यांचे भय वाटत नाही. तो ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि सुट्टी लागली की विसरतो. यात त्याचा दोष नाही. बँक बुडते म्हणजे शनिवारी बाजारहाट करायला निघालेल्या बाईचे नेमके काय होते, हे आकडा सांगतच नाही.

म्हणून अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांतून हा धडा निराळ्या रीतीने शिकवण्याची धडपड गेली काही दशके चालू आहे. मुलांना भूमिका वाटून द्यायच्या, जुनी छायाचित्रे पडद्यावर दाखवायची, त्या काळच्या माणसांचे मुद्रित आवाज ऐकवायचे आणि या सगळ्याची मोट बांधून मुलांकडूनच एखादा प्रयोग किंवा छोटी फिल्म करून घ्यायची. 'मल्टिमीडिया' हा शब्द ऐकला की आपल्याकडच्या अनेक पालकांच्या कपाळाला आठी पडते. अभ्यास सोडून पोरांना खेळ हवा, दुसरे काय! पण महामंदीच्या बाबतीत गंमत अशी आहे, की हा खेळ आजच्या शिक्षकांनी शोधलेलाच नाही. तो त्या मंदीतच जन्माला आला, आणि तोही सरकारी पगारावर.

रूझवेल्ट सरकारने १९३५ मध्ये बेकारांना काम देण्याची मोठी योजना काढली. रस्ते, पूल, शाळांच्या इमारती ही कामे त्यात होतीच, पण नट, वादक, लेखक आणि चित्रकार हेही बेकारच होते आणि पोट त्यांनाही होते. त्यांच्यासाठी जे उपक्रम निघाले त्यांतला एक म्हणजे फेडरल थिएटर प्रोजेक्ट. वासर कॉलेजात नाटक शिकवणाऱ्या हॅली फ्लॅनगन या बाई त्याच्या प्रमुख. भरभराटीच्या दिवसांत या योजनेच्या पगारपत्रकावर बारा हजारांहून अधिक माणसे होती. त्यांनी शेक्सपिअर केला, सर्कस केली, मुलांची नाटके केली, कठपुतळ्या नाचवल्या. पण त्यांची खरी स्वतःची चीज म्हणजे 'जिवंत वर्तमानपत्र'.

कल्पना साधी होती. बेकार पत्रकारांना बसवून एखाद्या चालू प्रश्नाची कागदपत्रे, भाषणे, न्यायालयांचे निकाल आणि बाजारभाव गोळा करायचे आणि त्यांतून तासा-दीड तासाचे नाटक उभे करायचे. नायक नाही, नायिका नाही, प्रेमप्रकरण नाही. लाउडस्पीकरमधून येणारा एक आवाज हेच एक पात्र. आपल्या सूत्रधाराचा हा परदेशी भाऊबंदच म्हणा ना! तो तारीख सांगणार, आकडा सांगणार, मध्येच पात्राला टोकणार. मागच्या पडद्यावर नकाशे, मथळे आणि छायाचित्रे पडणार. मार्च १९३६ मध्ये आलेल्या 'ट्रिपल-ए प्लाउड अंडर' या शेतीवरच्या नाटकात एक इवलासा प्रवेश आहे. रंगमंचावर चार माणसे. शेतकरी मोटारविक्रेत्याकडे वळून मोटार घेणे परवडत नाही म्हणतो, विक्रेता कारखानदाराकडे वळून पुढचा माल नको म्हणतो, कारखानदार कामगाराकडे वळून त्याला घरी पाठवतो आणि कामगार प्रेक्षकांकडे वळून खायला नाही म्हणतो. कामगार खात नाही, म्हणजे शेतकऱ्याचे धान्य पडून राहते. झाले वर्तुळ पुरे. मागणी का आटते यावर मी नोकरीच्या परीक्षांसाठी पाने रंगवली आहेत. या चार माणसांनी ते अर्ध्या मिनिटात सांगितले. आणि त्याला नेपथ्य लागत नाही. चार मुले आणि वर्गाची फरशी पुरते.

दुसरा नमुना 'वन-थर्ड ऑफ अ नेशन' या जानेवारी १९३८ च्या नाटकातला. विषय न्यूयॉर्कच्या चाळी, त्यांतली गर्दी आणि भाडी. जमिनीची किंमत कशी फुगते हे दाखवायला एक मालक हिरवळीची छोटी चटई अंथरून बसतो. एकेक भाडेकरू येतो, पैसे देतो आणि चटईवर जागा धरतो. माणसे वाढतात, चटई तेवढीच राहते, भाडे चढत जाते. मुंबईच्या चाळीत जन्म काढलेल्या वाचकाला यावर टीप द्यायला नको.

हे सरकारी पैशाने सरकारलाही टोचून बोलणारे नाटक फार काळ टिकणे शक्य नव्हते. पहिलेच जिवंत वर्तमानपत्र, इथिओपियावरील इटलीच्या आक्रमणाचे, परराष्ट्रांच्या प्रमुखांना रंगमंचावर आणायचे नाही या हुकमामुळे १९३६ मध्ये पडद्याआडच राहिले. १९३८ च्या डिसेंबरात फ्लॅनगनबाईंना काँग्रेसच्या समितीपुढे उभे केले गेले. त्यांच्या एका लेखात मार्लोचा उल्लेख होता. हा मार्लो कम्युनिस्ट आहे काय, असे अलाबामाच्या एका सभासदाने विचारले. तो शेक्सपिअरच्या काळचा नाटककार होता, हे बाईंना समितीच्या दप्तरात नोंदवून घ्यावे लागले. जून १९३९ अखेर योजना बंद झाली. संहिता, आराखडे आणि छायाचित्रे खोक्यांत भरून ठेवली गेली, ती १९७४ मध्ये बाल्टिमोरजवळच्या एका विमानाच्या हँगरमध्ये दोन प्राध्यापकांना सापडली. आज शिक्षकांच्या हाती जी सामग्री आहे तिच्यातला मोठा भाग हा असा धुळीतून वर आलेला आहे.

आता माझ्या आवडीच्या प्रवेशाकडे येतो. तो म्हणजे बँकेपुढची रांग. मी उमेदीची वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूला काढली, त्यामुळे या प्रवेशाविषयी मला जरा अधिक बोलू द्यावे.

१० डिसेंबर १९३०. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स'ची शाखा. नाव सरकारी वाटावे असे, पण बँक खासगी होती. चार लाखांच्या आसपास ठेवीदार, त्यांत बाहेरून येऊन स्थायिक झालेले ज्यू शिंपी, दुकानदार आणि कारागीर पुष्कळ. एक छोटा व्यापारी आपल्याजवळचे बँकेचे शेअर विकायला म्हणून शाखेत आला. अधिकाऱ्यांनी त्याला समजावले, की शेअर चांगले आहेत, विकू नका. तो बाहेर पडला आणि बँक शेअर परत घ्यायला नकार देते आहे असे सांगू लागला, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापून आले. दुपारपर्यंत रस्त्यावर हजारोंचा जमाव. घोडेस्वार पोलीस. दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला, बँकेचे दरवाजे उघडलेच नाहीत.

वर्गात याचा प्रयोग साधारण असा करता येतो. पंचवीस मुले ठेवीदार, प्रत्येकाचे शंभर कागदी डॉलर बँकेत. म्हणजे एकूण ठेवी अडीच हजार. त्यांतले बावीसशे बँकेने घरांसाठी, दुकानांसाठी आणि शेतांसाठी कर्जाऊ दिलेले. ते कर्जरोखे एका पाकिटात. गल्ल्यात रोख तीनशे. एक मुलगी मॅनेजर, एक मुलगा कॅशियर. पहिली दहा मिनिटे सगळे सुरळीत चालते. मग शिक्षक एकाच मुलाच्या कानात काहीतरी कुजबुजतात. काय कुजबुजले ते महत्त्वाचे नाही. त्याने उठून खिडकीशी जावे एवढे पुरते. त्याच्यामागे दुसरा उठतो, मग बाके सरकू लागतात. पहिल्या तिघांना पैसे मिळतात. चौथ्यापुढे गल्ला रिकामा.

मग शिक्षकाने विचारायचे: यात चुकले कोण?

मुले हटकून मॅनेजरकडे बोट दाखवतात. आमचे पैसे दुसऱ्यांना दिलेच कसे? पण ती बिचारी पाकीट उघडून दाखवते. सगळी कर्जे खरी आहेत, माणसे हप्तेही फेडताहेत, फक्त ती आज दुपारी तीन वाजता फेडणार नाहीत. पुढच्या दहा वर्षांत फेडणार आहेत. ठेवीदाराचा हक्क आजचा, कर्जदाराचे देणे उद्याचे, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत बँक नावाचा धंदा उभा असतो. मग मुले त्या पहिल्या मुलाला धरतात. तो म्हणतो, मी माझेच पैसे मागितले! आणि त्याचेही बरोबर असते. रांगेतल्या प्रत्येकाने आपापल्यापुरते शहाणपणाचेच केले. पहिल्या तिघांचे तर कौतुकच करायला हवे. आणि सगळ्यांच्या शहाणपणातून सगळ्यांचा नाश झाला. हे पुस्तकात वाचून कळत नाही, रांगेत चौथे उभे राहून कळते. फ्रँक काप्रा या दिग्दर्शकाने १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये हाच प्रवेश अजरामर केला आहे. तिथे नायक जमावाला समजावतो, की तुमचे पैसे तिजोरीत नाहीत, ते शेजाऱ्याच्या घराच्या भिंतींत आहेत. पटते थोड्यांनाच. शेवटी स्वतःच्या मधुचंद्राचे दोन हजार डॉलर खिडकीतून वाटायला लागतात, तेव्हा रांग ओसरते.

मी एका तालुक्याच्या गावी असताना शेजारच्या दुसऱ्याच बँकेविषयी काही कानोकानी उठले होते. आमचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. तरी एक भाजीवाल्या मावशी पासबुक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, काढायचे नाहीत, फक्त दाखवा." कॅशियरने सगळी रक्कम मोजून समोर ठेवली. त्यांनी नोटांवरून हात फिरवला आणि पुन्हा भरणा करून गेल्या. बँकिंगच्या पाठ्यपुस्तकात विश्वास या शब्दाची याहून चांगली व्याख्या माझ्या पाहण्यात नाही.

ब्राँक्सच्या गोष्टीत मात्र एक गाठ आहे आणि शिक्षकाने ती सोडून जाता कामा नये. शेअरची बातमी अफवा असेल, पण बँक आतून खरोखरच किडलेली होती. तिचे चालक पुढे फसवणुकीच्या खटल्यात तुरुंगात गेले. म्हणजे रांगेतली माणसे केवळ घाबरट होती असेही म्हणता येत नाही. नाटक करताना मुलांना एक खलनायक आणि एक भोळी जनता हवी असते. इतिहास ती सोय करून देत नाही.

याच तासाला जोडून ऐकवायचा आवाज म्हणजे रूझवेल्टचा. ४ मार्च १९३३ रोजी त्यांनी शपथ घेतली, ६ तारखेला देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवण्याचा हुकूम काढला आणि रविवारी, १२ तारखेला रात्री रेडिओवरून ते लोकांशी बोलले. जेमतेम तेरा-चौदा मिनिटे. ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. मुले पहिल्यांदा त्या संथ, जुनाट उच्चारांना हसतात, मग ऐकू लागतात. कारण वर्गातल्या मॅनेजरला जे समजावता आले नाही, तेच राष्ट्राध्यक्ष समजावत असतात: बँक पैशाचे काय करते, तो कुठे गुंतलेला असतो, सरकारने काय तपासले आहे. सोमवारपासून तपासून घेतलेल्या बँका टप्प्याटप्प्याने उघडल्या आणि पुन्हा रांगा लागल्या, पण या खेपेला पैसे भरणाऱ्यांच्या. घरात लपवलेल्या नोटा आणि सोने परत येऊ लागले.

त्यानंतरचा प्रवेश फार नाट्यमय नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी तो गाळला जातो. माझ्या मते तोच खरा. १९३३ च्या कायद्याने ठेवींना विमा आला. खुद्द रूझवेल्ट या कल्पनेवर खूश नव्हते, ती त्यांच्या गळी उतरवावी लागली. १ जानेवारी १९३४ पासून अडीच हजार डॉलरपर्यंतच्या ठेवीची हमी सुरू झाली. वर्गात तोच खेळ पुन्हा खेळावा. तेच पंचवीस, तोच गल्ला, तीच कुजबुज. फक्त खिडकीवर हमीची पाटी. कोणी उठत नाही. पाटी लावायला एक पैसा खर्च झालेला नसतो.

आपल्याकडे ही पाटी यायला १९६२ साल उजाडले. त्याआधी १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळली, हजारो कुटुंबे पोळली, तेव्हा कुठे ठेव विमा महामंडळ आले. सुरुवातीची हमी १५०० रुपयांची होती, फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाखांची आहे. बँकेत गेलात तर ती सूचना भिंतीवर कुठेतरी असते. माझ्या सगळ्या नोकरीत ती वाचताना मी दोनच ग्राहक पाहिले, आणि त्यांतला एक पंखा दुरुस्त करायला आलेला होता.

आता चित्रांविषयी. इथे मला थोडे तक्रारीच्या सुरात बोलायचे आहे.

सरकारच्या शेती विभागासाठी रॉय स्ट्रायकर या गृहस्थाने छायाचित्रकारांची एक तुकडी देशभर फिरवली. तिचे सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि ते कोणालाही पाहता येतात. त्यांतले एक चित्र सगळ्या जगाने पाहिले आहे: डोरोथिया लँगने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमो इथे टिपलेली आई. हनुवटीशी हात, कपाळावर आठ्या, खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुले. मुलांनी मंदीवर फिल्म केली की हे चित्र येतेच, आणि त्यावर करुण व्हायोलिनही येतेच. ते व्हायोलिन मला सोसवत नाही.

कारण या चित्राची खरी गोष्ट व्हायोलिनमध्ये बुडून जाते. लँगने त्या बाईचे नाव विचारले नव्हते. छावणीतली चित्रे १० मार्चला सॅन फ्रान्सिस्कोच्या पत्रात छापून आली, सरकार हलले, वीस हजार पौंड अन्नधान्य निपोमोला रवाना झाले. ते पोहोचले तेव्हा ती बाई आपल्या मुलांसह पुढच्या गावाला कामाच्या शोधात निघून गेली होती. १९३९ मध्ये तंबूचा खांब धरलेला तिचा अंगठा चित्राच्या कोपऱ्यात खुपतो म्हणून निगेटिव्हमधून पुसट करण्यात आला. तिचे नाव जगाला कळायला १९७८ उजाडले: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. जन्माने चेरोकी, म्हणजे मूळ अमेरिकन. लँगच्या टिपणात कुटुंबाने अन्नासाठी गाडीचे टायर विकल्याचे म्हटले होते. कुटुंबाने ते साफ नाकारले. आणि बाईंनी सांगितले, की हे चित्र काढले नसते तर बरे झाले असते. त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही. १९८३ मध्ये त्या आजारी पडल्या तेव्हा मुलांनी मदतीचे आवाहन केले आणि देशभरातून हजारो डॉलर आले. सप्टेंबरमध्ये त्या वारल्या.

लँग लबाड होती असे मी म्हणत नाही. ती भल्या हेतूने राबणारी, फार मोठी छायाचित्रकार होती. पण दारिद्र्य ज्याचे त्याचे असते आणि चित्र मात्र सगळ्यांचे होते, ही अडचण वर्गात मांडायची नाही तर कुठे? म्हणून चांगले शिक्षक एकटे हे चित्र दाखवत नाहीत. त्या भेटीतली सगळी चित्रे ओळीने मांडतात: आधी लांबून तंबू, मग मुले, ट्रंक, ताटली, आणि हळूहळू जवळ येत येत शेवटी तो चेहरा. कॅमेरा जवळ जाताना काय काय चौकटीबाहेर पडले, ते मुलांनीच शोधायचे.

त्याच वर्षी आर्थर रॉथस्टाइनने साउथ डकोटात भेगाळलेल्या जमिनीवर गुराची कवटी टिपली. चांगला उजेड मिळावा म्हणून ती काही फूट हलवली. निवडणुकीचे वर्ष होते. विरोधी पत्रांनी बोभाटा केला, की दुष्काळ सगळा बनावट! दुष्काळ मुळीच बनावट नव्हता, कवटी मात्र हलवली होती. हा खटला वर्गात चालवावा. फिर्यादी, बचाव, साक्षीदार, सगळे. आजच्या मुलांच्या खिशात कॅमेरा असतो आणि चित्र कसे घडवतात हे त्यांना आपल्याहून जास्त कळते. ती फार चांगले वकील निघतात.

आवाजांचा आणखी एक खजिना आहे. चार्ल्स टॉड आणि रॉबर्ट सोन्किन हे दोघे १९४० आणि ४१ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या अर्विनसारख्या सरकारी छावण्यांत मुद्रणयंत्र घेऊन फिरले. धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमा आणि टेक्सासमधून उठवलेली माणसे तिथे गातात, सभा घेतात, कुरकुरतात, विनोद सांगतात. हो, विनोद! स्टाइनबेकच्या कादंबरीतली छावणी अर्विनवरूनच उभी राहिली, पण माझ्या जातीच्या माणसाने लिहिलेल्या सगळ्याच गोष्टीत दुःखाचे ताट जरा अधिक सजवलेले असते. या ध्वनिमुद्रणांत ते साधेच वाढलेले आहे.

भूमिका वाटण्याच्या खेळात एक धोका उरतोच. चिठ्ठी निघते, 'तुझी नोकरी गेली', मुलगा तोंड पाडतो, पंचेचाळीस मिनिटांनी घंटा होते आणि सगळे डबा खायला जातात. गरिबीचा अनुभव असा मिळत नाही, आणि मिळाला असे मुलाला वाटणे तर फारच वाईट. दुसरे म्हणजे चिठ्ठ्या कोणाच्या नावाने काढतो यावर पुष्कळ अवलंबून असते. कापसाचे पीक कमी घेण्याबद्दल सरकारने पैसे दिले ते जमीनमालकांना. दक्षिणेतले बटाईदार, ज्यांत काळ्या कुटुंबांची संख्या मोठी होती, अनेक ठिकाणी जमिनीवरून हुसकले गेले. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसच्या एका बागेला अधिकाऱ्यांनी वेढा घातला आणि मेक्सिकन दिसणाऱ्यांना कागदपत्रे विचारली. त्या दशकात लाखो लोकांना मेक्सिकोत पाठवले गेले, त्यांत अमेरिकेतच जन्मलेले पुष्कळ. कॅलिफोर्नियाने त्याबद्दल कायदा करून माफी मागितली ती २००५ मध्ये. या माणसांच्या चिठ्ठ्या टोपलीत नसतील तर नाटक कितीही रंगो, ते अर्धेच.

पूर्वी शिक्षक मुलांना सांगत, घरी जा आणि आजोबांना विचारा. स्टड्स टर्केलने १९७० मध्ये अशाच शेकडो बोलण्यांतून 'हार्ड टाइम्स' हे जाडजूड पुस्तक केले. नोकरी गेली ती आपल्याच नालायकीने, असे मानून मनात लाज बाळगलेली माणसे त्यात पुन्हा पुन्हा भेटतात. आता ती सोय संपत आली. १९३० साली दहा वर्षांचे असलेले मूल आज हयात असेल तर शंभरी ओलांडलेले. यापुढे विचारायचे ते टेपांना आणि चित्रांना.

लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या त्या आईच्या चित्राखालची मूळ ओळ वाटाणे तोडणाऱ्या निराधार मजुरांची आहे. सात मुले आणि बत्तीस वर्षे वय तिच्यात आहे, नाव नाही. तास संपताना मुलांना ती ओळ नव्याने लिहायला सांगावी. एका वाक्याचीच अट घालावी. सुरुवात नावाने करायची, चेरोकी या शब्दाने, सात मुलांनी की वाटाण्याने, यावर वर्गात चांगलीच जुंपते.